झरीची सभा, पालघरचं मत आणि कॅमेरा कुणाच्या हातात?

हे आपल्या आजच्या भागाचं लेखी रूप. ज्यांना ट्रेनमध्ये नेटवर्क मिळत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलण्यातलं अडखळणं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

केळवे रोडला उतरून रिक्षाने समुद्राकडे निघालात की वाटेत काय काय दिसतं? नारळ-केळीच्या वाड्या, पानवेली, शीतलादेवीचं देऊळ, मग सुरूची झाडं आणि किनारा. आणि अजून एक गोष्ट हमखास दिसते. हॉटेलच्या, रिसॉर्टच्या, शाळेच्या भिंतीवर पांढऱ्या रंगातली वारली चित्रं. दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, हातात हात धरून, तारप्याभोवती गोल फिरणारी.

ती चित्रं आता टी-शर्टवर, मगवर, मोबाईलच्या कव्हरवरसुद्धा पोचली. पण त्या चित्रांतल्या माणसांचा इतिहास आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्यांना मजुरी, जमीन, मत आणि स्वतःची गोष्ट सांगायचा हक्क कसा मिळाला, किती मिळाला? आज हेच बोलू. आणि गोष्ट लांबची नाही, आपल्याच जिल्ह्यातली आहे.

लग्नगडी म्हणजे काय?

आधी एक शब्द लक्षात ठेवा: लग्नगडी.

कल्पना करा, 1930-40 चं दशक आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात एक वारली तरुण आहे. त्याला लग्न करायचंय, पण हातात पैसे नाहीत. तो सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे पैसे उचलतो. त्या बदल्यात तो आणि त्याची बायको जमीनदाराच्या घरी राबायला लागतात. किती दिवस? कर्ज फिटेपर्यंत. आणि कर्ज फिटतच नाही, कारण हिशेबाची वही जमीनदाराकडे आणि अक्षर ओळखणारा पाड्यावर कुणी नाही. झाला तो लग्नगडी. जन्मभराचा.

त्याच्या जोडीला वेठ. म्हणजे जमीनदाराने बोलावलं की आपलं शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायला जायचं. नाही गेलात तर मारहाण.

हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही बरं का. तेव्हाच्या मुंबई प्रांतात सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आदिवासी भागांवर अहवाल लिहिला, तो 1939 चा. वेठबिगारी कशी चालते हे त्यात नोंदलेलं आहे. अहवाल आला, पण वेठ चालूच राहिली.

झरी, 23 मे 1945

मग मोडली कशी?

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे पोचले आणि त्यांनी आपली कहाणी सांगितली. ऐकणाऱ्यांत होत्या गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव.

गोदावरीबाईंबद्दल दोन वाक्यं. पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. ज्या काळात मुली कॉलेजात जाणं हीच बातमी होती, त्या काळात. त्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर पायी हिंडल्या, लोकांच्या झोपड्यांत राहिल्या, मिळेल ते खाल्लं. पुढे हे सगळं त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. 1970 मध्ये आलेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

23 मे 1945 ला झरी या गावी सभा झाली. आजच्या तलासरी तालुक्यात आहे झरी. सुमारे 5,000 वारली जमले. चारचाकी नाही, माईक नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप तर नाहीच. निरोप तोंडी गेला, पाड्यावरून पाड्यावर. ठराव साधा होता: वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, लग्नगडी मोकळे करायचे.

आणि पुढच्या काही आठवड्यांत लोकांनी ते करून दाखवलं. गावोगाव लग्नगड्यांनी जमीनदारांची घरं सोडली. कायदा बदलला नव्हता, निवडणूक झाली नव्हती. लोक एकत्र जमले, एकमेकांना बघितलं, आणि भीती कमी झाली. आज आपण ज्याला ‘इव्हेंट’ म्हणतो ना, त्याची ताकद किती असू शकते याचं हे उदाहरण.

दोन गोळीबार, एकच जिल्हा

पालघर शहरात हुतात्मा चौक आहे, तुम्ही तिथून शंभरदा गेला असाल. 14 ऑगस्ट 1942 ला, ‘चले जाव’च्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. दर 14 ऑगस्टला पालघरमध्ये त्यांना मानवंदना दिली जाते. दिलीच पाहिजे.

आता तीन वर्षं पुढे या. ऑक्टोबर 1945. गवतकापणीचा हंगाम. वारल्यांनी संप केला. मागणी काय, तर 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो लोक जमले. बाईंची सभा आहे असा निरोप पसरला होता. तो निरोप खोटा होता. तो जमीनदारांच्या माणसांनीच पसरवला असं किसान सभेचं म्हणणं. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यांतलं एक नाव लक्षात ठेवा: जेठ्या गांगड.

इथेही पाच, तिथेही पाच. दोन्ही ठिकाणी गोळ्या त्याच सरकारच्या. पण जेठ्या गांगड हे नाव केळव्याच्या, बोईसरच्या, सफाळ्याच्या किती मुलांनी शाळेत ऐकलंय? तलासरी-डहाणूच्या बाजूला 10 ऑक्टोबर पाळला जातो. किनाऱ्यावर मात्र तो दिवस साधा येतो आणि जातो.

मत मिळालं, तेही लवकर

आता गंमत बघा. 1945 मध्ये ज्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या कर्जातून सुटता येत नव्हतं, त्याला सहा-सात वर्षांत देशाचं सरकार निवडायचा हक्क मिळाला. 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत. जमीनदाराला एक, त्याच्या गड्यालाही एक.

जगात काय चाललं होतं? कॅनडात ‘इंडियन’ म्हणून नोंद असलेल्या मूळनिवासींना आपला दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता यायला 1960 उजाडलं. ऑस्ट्रेलियात सगळ्या आदिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क 1962 ला मिळाला. म्हणजे श्रीमंत, जुन्या लोकशाही म्हणवणाऱ्या देशांच्या दहाएक वर्षं आधी आपल्या तलासरीतला वारली मतदार होता. ही साधी गोष्ट नाही.

लोकांनी ते मत वापरलंही. 1957 मध्ये ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जमातीसाठी. शामराव परुळेकर निवडून आले आणि त्यांच्यासोबत लक्ष्मण महादू मातेरा. 1977 ला डहाणू मतदारसंघातून लहानू शिडवा कोम खासदार झाले. ज्या लढ्याची सुरुवात वेठ नाकारून झाली, त्यातला माणूस दिल्लीला पोचला.

आता तुमच्या-आमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. पालघर लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. विधानसभेच्या डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चारही जागा राखीव. अनेकांना वाटतं, राखीव जागा म्हणजे ‘त्यांची’ निवडणूक. तसं नाहीये. उमेदवार आदिवासी असायला लागतो, मतदार मात्र सगळे. केळव्याचा वाडवळ, सातपाटीचा मांगेला, बोईसरच्या एमआयडीसीत काम करणारा उत्तर भारतीय, नालासोपाऱ्याच्या चाळीतला चाकरमानी, सगळे. 2011 च्या जनगणनेत आजच्या पालघर जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण साधारण 37 टक्के होतं. मग हिशेब करा. आदिवासींचा प्रतिनिधी कोण, हे ठरवणाऱ्यांत बहुसंख्य आदिवासी नसलेलेच आहेत!

म्हणून ‘आदिवासींच्या हक्कांसाठी मी काय करणार?’ असं केळव्याच्या मुलाने विचारलं, तर पहिलं उत्तर त्याच्या बोटावरच्या शाईत आहे. उमेदवार प्रचाराला आला की रस्ता आणि बीच फेस्टिव्हलबद्दल तर विचाराच. सोबत हेही विचारा: वनहक्काचे किती दावे अडकलेत? आश्रमशाळेत शिक्षक आहेत का? मोखाड्याला कुपोषणाचं काय? हा प्रश्न आदिवासी नसलेल्या मतदाराने विचारला की उमेदवाराला तो टाळणं जड जातं.

पण जमीन?

मत मिळालं, जमीन आपोआप आली का? नाही आली.

1948 चा कूळ कायदा होता. ‘कसेल त्याची जमीन’ असं आपण म्हणतो. पण कूळ म्हणून नाव लागायला कागद लागतो, आणि कागद पुन्हा त्याच लोकांच्या हातात. कितीतरी कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर चढलीच नाहीत.

1970 च्या सुमारास आपल्याच पालघर तालुक्यात, मनोरच्या बाजूला, भूमिसेना उभी राहिली. काळुराम धोदडे हे त्यातलं मोठं नाव. हे आंदोलन आदिवासी तरुणांनी स्वतः चालवलं. बाहेरून येऊन कुणी सांगायचं आणि यांनी ऐकायचं, असा मामला नव्हता. गावोगाव तरुण मंडळं, सावकारी कर्जाचा हिशेब मागणं, बळकावलेल्या जमिनीवरचं पीक आपलं म्हणून कापणं. याची ख्याती इतकी झाली की श्रीलंका, बांगलादेश आणि भारतातल्या अभ्यासकांनी मिळून भूमिसेनेवर अभ्यास केला, तो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचे लोक मनोरला शिकायला आले होते!

त्याच दशकात राज्यात कायदे झाले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येणार नाही, आणि हस्तांतरित झालेल्या जमिनी परत मिळाव्यात, असे 1974 चे कायदे. 1978 पासून डहाणू-जव्हार भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. क्रम लक्षात घ्या: आधी लोक जमले, मग कायदा आला. या जिल्ह्यात हे पुन्हा पुन्हा घडलंय.

हात वर करायचं मत

पाच वर्षांनी एकदा दिलेल्या मताची एक अडचण असते. ते माणसाला दिलेलं असतं, प्रश्नाला नाही.

वाढवणचंच बघा. 2024 ला पालघरमध्ये लोकसभेचं मतदान 20 मे रोजी झालं, निकाल 4 जूनला. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी 19 जूनला आणि भूमिपूजन 30 ऑगस्टला. प्रकल्प 76,220 कोटींचा. नोकऱ्या येतील म्हणून काही जण खूश आहेत, मासेमारी आणि वाड्या जातील म्हणून किनारपट्टीवर वर्षानुवर्षं विरोध आहे. तुमचं मत काहीही असो, मशीनवर ‘बंदर हवं की नको’ असं बटण नव्हतं.

मग प्रश्नाला मत द्यायची जागा कुठली? ग्रामसभा.

डिसेंबर 1996 मध्ये संसदेने पेसा कायदा केला, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च 2014 मध्ये काढले. त्यातली सगळ्यात जबरदस्त गोष्ट म्हणजे पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. म्हणजे दहा पाड्यांच्या मोठ्या ग्रामपंचायतीत ज्यांचा आवाज बुडायचा, त्यांना आपला ओटा मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्यातही दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर त्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका.

हे कागदावरच राहतं का? ओडिशातल्या नियमगिरीला जाऊ. तिथल्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. त्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्यात 12 गावांत सभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटलं. पुढे केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. हात वर करून दिलेल्या मताने एक डोंगर राखला.

पालघर तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, काही नाहीत. तुमचं गाव यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. यादीत नसेल तरी ग्रामसभा सगळीकडे असतेच: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंड्याला सलामी देऊन जिलेबी खाऊन घरी जायचं नाही, पुढे सभेला बसायचं.

जमणं म्हणजेच राजकारण

9 ऑगस्टला पालघर, डहाणू, जव्हारला रस्ते भरतात. जागतिक आदिवासी दिन. 9 ऑगस्ट 1982 ला संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासींवरच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, त्याची आठवण म्हणून हा दिवस. काही लोक सोशल मीडियावर लिहितात, ‘डीजे लावून नाचतात, ट्रॅफिक होतो.’ गणपतीत, दहीहंडीत ट्रॅफिक होत नाही का?

दर जानेवारीत आदिवासी एकता परिषदेचं सांस्कृतिक महासंमेलन भरतं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि त्याहीपलीकडून लोक येतात. 2020 च्या जानेवारीत ते पालघरला भरलं होतं. वेगवेगळ्या राज्यांचे ढोल, तारपे, पावऱ्या एका मैदानात. वरवर बघणाऱ्याला तो नाच वाटतो. पण जमीन, जंगल, भाषा, शिक्षण यांवरची चर्चा त्याच मांडवात होते. झरीची सभा आठवा. मोठ्या संख्येने एकमेकांना बघणं, हीच पहिली पायरी असते.

पडद्यावर कोण बोलतं?

आता सिनेमा. 1977 चा ‘जैत रे जैत’ अनेकांनी पाहिलाय, निदान गाणी तरी ऐकलीत. जब्बार पटेलांचा, ठाकर समाजावरचा. सुंदर सिनेमा. 1980 चा ‘आक्रोश’, गोविंद निहलानींचा, लेखन विजय तेंडुलकरांचं. ओम पुरींनी साकारलेला लहान्या भिकू, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी, जवळजवळ सबंध सिनेमाभर गप्प असतो. वकील विचारतो, कोर्ट विचारतं, तो बोलत नाही. 2017 चा ‘न्यूटन’ तर मतदानावरच आहे. छत्तीसगडच्या जंगलातलं मतदान केंद्र, फक्त 76 मतदार.

तिन्ही जरूर बघा. पण बघताना एक गोष्ट लक्षात येते. गोष्ट आदिवासींची, पण सांगणारा बाहेरचा. लहान्याचं गप्प राहणं हा त्या व्यवस्थेवरचा मोठा आरोप आहे, पण तोही दुसऱ्या कुणीतरी मांडलेला.

मग आपल्या हातात कॅमेरा आला तर? कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांनी 2001 मध्ये ‘अतानारजुआत’ नावाचा सिनेमा केला, पूर्ण आपल्या भाषेत, आपल्या दिग्दर्शकाचा. कान महोत्सवात त्याला पदार्पणाचा मोठा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे झारखंडचे बिजू टोप्पो, स्वतः उरांव आदिवासी, मेघनाथ यांच्यासोबत वर्षानुवर्षं माहितीपट करतायत. त्यांचा ‘नाची से बाची’ हा माहितीपट रामदयाल मुंडांवर आहे. नावाचा अर्थ: जो नाचेल तो वाचेल. तारप्याच्या जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नाही.

चित्रांचंही तेच झालं. आधी लग्नाचा चौक सवाष्णी भिंतीवर लिहायच्या. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन गंजाडला गेले आणि जिव्या सोमा मशे यांचं काम जगापुढे आलं. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पण त्याच रेषा मोठमोठ्या ब्रँडनी फुकट वापरल्या. शेवटी डहाणूच्या आदिवासी तरुणांच्या संघटनेने पुढाकार घेऊन वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळवलं. चित्र कुणाचं, हे कायद्यात लिहिलं गेलं.

आज पाड्यावरची मुलं मोबाईलवर तारप्याची गाणी शूट करतात, यूट्यूबवर टाकतात, आपल्या बोलीत. त्याला लाखो रुपयांचा कॅमेरा लागत नाही. लहान्या भिकू आता बोलतोय. प्रश्न इतकाच, आपण ऐकतोय का?

तर करायचं काय?

मतदार यादीत नाव तपासा आणि घरच्या वाडीत, कारखान्यात काम करणाऱ्या आदिवासी माणसांचं नाव आहे का, तेही विचारा. स्थलांतरामुळे अनेकांची नावं गळतात. मतदानाच्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी द्या. ती मेहेरबानी नाही, कायदा आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. 9 ऑगस्टला बाजूला उभं राहून व्हिडिओ काढण्यापेक्षा रॅलीतल्या कुणाशी तरी बोला. वारली चित्र घ्यायचं असेल तर चित्रकाराकडून घ्या आणि पोस्ट करताना त्याचं नाव लिहा. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांचे चॅनेल शोधा, सबस्क्राइब करा.

आणि येत्या 10 ऑक्टोबरला आपल्या स्टेटसवर एक नाव टाका: जेठ्या गांगड. कुणीतरी विचारेल, ‘हा कोण रे?’ तेव्हा त्याला हा भाग पाठवू नका. स्वतः सांगा.

तुमच्या आजी-आजोबांना ‘लग्नगडी’ हा शब्द माहीत असेल, तर त्यांच्याकडून ऐकलेलं आम्हाला व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!